वेर्णेकर सरांचा तारा

"हे वाक्य काढ," वेर्णेकर सर म्हणाले आणि माझ्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणातल्या शेवटच्या ओळीवर त्यांनी तांबड्या पेनाने रेघ ओढली.

"सर, त्या प्रकरणात तेवढं एकच वाक्य आहे. बाकी सगळी त्याची तयारी आहे."

"मग तयारी राहू दे."

"जेवायला बोलवायचं, पानं मांडायची आणि लोकांना हात धुऊन घरी पाठवायचं?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी कोल्हापूरची, जिभेला हाड नसलेली, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, प्रबंध मिटला आणि माझ्या बाजूला सरकवला. ते वाक्य खोडलं जाण्याची ती चौथी खेप होती.

वाक्य साधं होतं. 'स्फोटातून वाचलेला म्हणून मानला गेलेला हा तारा प्रत्यक्षात जागचा हललेला नाही.' बस्स.

आमचा विषय थोडक्यात सांगते, नाहीतर माझा संताप कळायचा नाही. सूर्यासारखा तारा जळून संपला की मागे निखारा उरतो, त्याला श्वेत बटू म्हणतात. एकटा असला तर बापडा निवत जातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण काही श्वेत बटू असे फुटतात की महिनाभर अब्जावधी ताऱ्यांच्या अख्ख्या दीर्घिकेला उजेडात भारी पडतात. आता एकटा निखारा आपोआप फुटत नाही. कुणीतरी त्याच्यात भर घालावी लागते. ती कोण घालतं, यावरून आमच्या लोकांत दोन तट होते. एक तट म्हणे, शेजारी जिवंत तारा असतो. बटू त्याचा वायू ओढत राहतो आणि वजन पेलवेनासं झालं की फुटतो. दुसरा तट म्हणे, दोन श्वेत बटूच एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एकमेकांवर आदळतात. पहिलं खरं असेल तर स्फोटानंतर शेजारी वाचतो आणि गोफणीतून सुटल्यासारखा पळत सुटतो. दुसरं खरं असेल तर मागे कुणीच उरत नाही.

वेर्णेकर सर पहिल्या तटाचे. तरुणपणी त्यांनी एका जुन्या स्फोटाच्या ढगात असा पळणारा तारा शोधून काढला होता. एकोणऐंशी साली काढलेला एक फोटो आणि शहाऐंशी साली काढलेला दुसरा, दोन्ही काचेवरचे, कारण तेव्हा आकाशाचे फोटो काचेवरच घेत. दोन काचा शेजारी ठेवून मोजल्या तर बाकीचे तारे जिथल्या तिथे आणि हा एक पूर्वेला सरकलेला. पाठ्यपुस्तकांत त्याला 'वेर्णेकरांचा तारा' म्हणायला लागले. एम.एस्सी.ला मी त्याच्यावर पाच मार्कांचा प्रश्न सोडवला होता आणि पाचही मिळवले होते.

पुण्याच्या आमच्या संस्थेत सरांकडे पीएच.डी.ला जागा मिळाली तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. काम सोपं होतं. नव्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंवरून त्या ताऱ्याचा वेग नेमका सांगायचा. लग्नातल्या वाढप्यासारखं, स्वयंपाक तयार, आपण फक्त पानात घालायचं.

आणि तारा हलेना. एका वर्षाचे फोटो घेतले, तीन वर्षांचे घेतले, दुसऱ्या देशांतल्या दुर्बिणींचे जुने फोटो मागवले. शहाऐंशीपासून पुढे हा गडी ढिम्म. मी सरांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, मोजणी चुकली असेल. मी पुन्हा मोजलं. मग म्हणाले, कॅमेऱ्यात दोष असेल. मी दुसऱ्या कॅमेऱ्याचे फोटो आणले. मग म्हणाले, शेजारचे संदर्भाचे तारे बदलून बघ. बदलले. दोन वर्षं हे भिजत घोंगडं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाई आणि मी "हो सर" म्हणून खाली माझ्या खोलीत येऊन टेबलाचा खण जोरात लावी. त्या खणाची कडी शेवटी निखळलीच.

त्यातून सर वाईट माणूस असते तर सोपं झालं असतं. पाचवं प्रकरण चौथ्यांदा खोडल्यावर त्यांनी मला शांतपणे समोर बसवलं.

"शलाका, माझ्या काचांवर तो हललाय. तू स्वतः मोजलंस. हललाय की नाही?"

"हललाय सर."

"तुझ्या फोटोंत हलत नाही. तारा काय रिक्षा आहे, मधेच उभा राहायला? दोन्हींतलं एक चूक. माझं चूक असेल तर का चूक, एवढं दाखव. त्याच मिनिटाला सही करतो. पण नुसतं 'हलला नाही' म्हणशील आणि काचांबद्दल गप्प बसशील, तर परीक्षक तुला सोलून काढतील. आणि मी काढू देणार नाही."

यात खोट काढायला जागा नव्हती आणि त्याचाच मला जास्त राग होता. काचा खरंच हलल्याचं सांगत. मी त्या सूक्ष्मदर्शकाखाली घालून इतक्यांदा मोजल्या होत्या की निगेटिव्हवरचे ते ताऱ्यांचे काळे ठिपके मला जेवणाच्या ताटातल्या भातातही दिसायला लागले होते. क्षितिजाजवळ हवा ताऱ्यांना उचलून धरते, म्हणजे आहेत त्याहून वर दाखवते, त्याची दुरुस्ती सरांनी तेव्हाच केली होती, मीही केली. काच गरमीने फुगली का, उलटी घातली का, सगळं तपासलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आईचा फोन आला. "सापडला न्हाई व्हय गं अजून तुझा तारा?"

"सापडलाय आई. तो खोटा आहे, एवढंच सांगायचंय."

"मग खोटं हाय म्हनून सांगायला पाच वर्सं? हिथं शेजारची सुमन धा मिंटांत सांगती."

मी फोन ठेवला. हसावं की रडावं कळेना. बंगळूरला एका संस्थेत मला जागा कबूल झाली होती, पण महिनाअखेरीस प्रबंध दाखल झाला तरच. नाहीतर ती दुसऱ्याला जाणार होती. शिष्यवृत्तीही त्याच महिन्यात संपत होती. सही नाही तर मी बिनपदवीची, बिननोकरीची, पाच वर्षं आकाशाकडे बघून कोल्हापूरला परत.

इरफान मुजावर माझ्या खोलीत बसायचा. मिरजेचा, माझ्याआधी दोन वर्षं सरांकडे आलेला, आणि दुसऱ्या कशावर तरी काम करत असल्यामुळे सुखी. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "अदलाबदल माग."

"सरांकडे?"

"मग काय माझ्याकडे? नियम त्यांचाच आहे."

अदलाबदल ही आमच्या गटाची पद्धत होती, सरांनीच पाडलेली. कुणाचा कुणाशी निष्कर्षावरून वाद झाला आणि मिटेना, की दोघांनी फळ्यासमोर उभं राहायचं आणि बाजू बदलायच्या. मी जे म्हणते ते समोरच्याने पटवून द्यायचं, तो जे म्हणतो ते मी. तेही मनापासून, टंगळमंगळ केली तर सर खडू फेकून मारत. तिसऱ्याने न्यायाधीश व्हायचं. ज्याच्यापाशी उत्तर उरणार नाही त्याला 'निरुत्तर' म्हणून जाहीर करायचं आणि त्याने सगळ्यांना खालच्या टपरीवरून चहा आणायचा. या पद्धतीत भलेभले स्वतःचंच म्हणणं स्वतःच्या तोंडाने पाडून बसत. पण सर स्वतः कधी फळ्यापुढे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. ते नेहमी न्यायाधीशाच्या खुर्चीत.

मी वर गेले आणि दारातूनच म्हणाले, "सर, मला तुमच्याशी अदलाबदल हवी."

सर काहीतरी लिहीत होते. लिहितच राहिले. मला वाटलं ऐकलंच नाही.

"म्हणजे माझा तारा खोटा आहे, हे मी पटवून द्यायचं," ते म्हणाले.

"हो सर. आणि खरा आहे हे मी."

"तू बरं पटवून देशील," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघून, "उद्या अकराला. इरफानला बस म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. बैठकीच्या खोलीत आम्ही तिघंच. मी दार लावून घेतलं. मला जिंकायचं होतं, पण या खेळात जिंकायचं म्हणजे सरांनी माझी बाजू उत्तम मांडायला हवी, आणि ते ती कशी मांडणार याची मला खात्री होती. घाईघाईत चार वाक्यं म्हणतील, 'आता तू' म्हणतील आणि मामला ये रे माझ्या मागल्या. मी आधीच चिडून बसले होते.

सरांनी खडू उचलला. "इरफानसाहेब, माझ्या अशिलाचं म्हणणं असं की हा तारा जागचा हललेला नाही." आणि त्यांनी सुरुवात केली.

दहा-बारा मिनिटांत माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. माझं पाचवं प्रकरण त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मी जिथे तीन पानं खर्ची घातली होती तिथे त्यांनी फळ्यावर एक रेघ काढली आणि झालं. माझे दोन कच्चे दुवे होते; त्यांनी ते स्वतः दाखवले आणि स्वतः भरून काढले. म्हणजे हा माणूस दोन वर्षं ते वाक्य नुसता खोडत नव्हता. मी झोपत होते तेव्हा तो त्याच्याशी झगडत होता. हे लक्षात आलं आणि मी खुर्चीत सरळ बसले.

"आता अडचण," सर म्हणाले. "काचा. काचांवर तारा हललेला दिसतो. माझ्या अशिलापाशी याचं उत्तर नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पण वकिलाला असं म्हणून चालत नाही. वकिलाने शोधायचं. पहिली काच एकोणऐंशीची. ती कशी काढली?"

"सर, ती गोष्ट आम्हाला पाठ आहे," इरफान हसत म्हणाला. खरंच होती. संस्थेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सर ती सांगत.

"मग सांग."

"दिवसभर आभाळ होतं. तुम्ही वाट बघत बसलात. आभाळ निवळलं तोवर तो भाग मावळायला आला होता. दुर्बीण इतकी खाली झुकवावी लागली की तुम्ही फरशीवर गुडघे टेकून तासभर फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना."

"बरोबर. आणि शहाऐंशीची?"

"ती आरामात. डोक्यावर होता तेव्हा. खुर्चीत बसून."

"एक गुडघ्यावर, एक खुर्चीत," सर म्हणाले. फळ्यावर त्यांनी खाली एक ठिपका काढला आणि वर एक. "खालच्या फोटोत हवेने तारे उचलले. त्याची दुरुस्ती आपण केली. मी केली, शलाकाने केली. सगळ्या ताऱ्यांना सारखी."

ते थांबले. खडू फळ्यावर टेकलेला.

"शलाका, तुझ्या तिसऱ्या प्रकरणात त्या ताऱ्याचा रंग काय आलाय?"

"तांबडा सर. चांगलाच तांबडा."

"आणि शेजारचे, ज्यांच्याशी ताडून बघितलं ते?"

"निळसर. बहुतेक सगळे."

मला पुढचं दिसलं. आमच्या धंद्यातलं कुठलंही पोर हे सांगेल: हवा निळ्या उजेडाला जास्त उचलते, तांबड्याला कमी. मावळतीला निळे तारे जास्त वर सरकतात, तांबडा त्यांच्या मागे, थोडा खालीच राहतो. सात वर्षांनी त्याच भागाचा फोटो तो डोक्यावर असताना घेतला की तांबडा आपल्या खऱ्या जागी दिसतो, म्हणजे आधीपेक्षा वर. मावळतीच्या आभाळात वर म्हणजे पूर्वेला. तारा पळाला नव्हता. आम्ही दोघांनी सगळ्यांना एकच दुरुस्ती लावली होती, आणि मी तर तिसऱ्या प्रकरणात त्याचा रंग स्वतःच्या हाताने लिहून पाचव्यात विसरले होते.

सरांनी फळ्यावर गणित मांडलं. हळू, एकेक पायरी. शेवटी आलेला आकडा त्यांनी अधोरेखित केला. तो त्यांच्या जुन्या लेखातल्या आकड्याला अगदी लागून होता.

"माझं संपलं," ते म्हणाले आणि खडू ठेवला. "आता तू. माझा तारा कसा खरा आहे ते सांग."

"सर, राहू दे ना आता."

"राहू दे कसं? नियम आहे. बोल."

दोन वर्षं मी या क्षणासाठी दात-ओठ खात बसले होते आणि तो आल्यावर मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. सर खुर्चीत बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या शर्टाच्या बाहीला खडू लागला होता.

"बोल ना गं," ते म्हणाले. आवाज असा की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. "अठरा वर्षं मी एकटाच बोलतोय त्याच्या बाजूने. पाच मिनिटं तू बोल."

मग मी बोलले. टंगळमंगळ केली नाही. डोकं लावून, जीव तोडून शोधलं आणि एक मुद्दा सापडला. "हे हवेचं काम असेल तर त्या काचेवरचा दुसरा कुठलाही तांबडा तारा तसाच सरकलेला दिसायला हवा. कुणी मोजलाय? कुणीच नाही. तो जागच्या जागी असेल, तर हवा निर्दोष, आणि वेर्णेकरांचा तारा खरोखर पळतोय."

"शाब्बास!" सर म्हणाले. ते भिंत सोडून पुढे आले होते. "शाब्बास! बघ इरफान, ही खरी वकिली. आहे का दुसरा तांबडा?"

"कोपऱ्यात एक आहे सर. ढगापासून लांब आहे म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलं नसणार."

आम्ही तिघं काचांच्या खोलीत गेलो. सरांनी स्वतः कपाट उघडलं, दोन्ही काचा काढल्या, दिव्यावर ठेवल्या. "तू मोज," ते म्हणाले. "माझे डोळे मला पाहिजे तेच बघतील." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि स्क्रू फिरवत तो कोपऱ्यातला ठिपका भिंगातल्या मोजणीच्या बारीक तारेखाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांच्या बाजूने मनातल्या मनात म्हणत होते, हलू नको रे बाबा. एकदा मोजलं. काच बदलली. पुन्हा मोजलं. मग पहिल्यापासून सगळं परत एकदा केलं, कारण डोळा वर उचलायची माझी तयारी नव्हती.

"काय?" सर मागून म्हणाले.

"हललाय सर. तेवढाच. त्याच बाजूला."

सर इरफानकडे वळले.

"जाहीर कर रे," सर त्याला म्हणाले. "न्यायाधीश आहेस ना?"

"सर, जाऊ दे की."

"जाहीर कर."

"शलाका निरुत्तर," इरफान पुटपुटला.

म्हणजे नियमाप्रमाणे सर जिंकले होते आणि मी हरले होते. ते किंचित हसले. "आण चहा," म्हणाले. "साखर बेताची सांग."

टपरीवर गर्दी होती आणि दूध संपलं होतं. दूध येईपर्यंत मी तिथे उभी राहिले. सगळ्यांवर चिडले होते, टपरीवाल्यावर, हवेवर, त्या कोपऱ्यातल्या फडतूस ताऱ्यावर, ज्याला माझ्यासाठी एकदा जागेवर राहता आलं नव्हतं. ग्लास घेऊन वर आले तेव्हा इरफान बाहेर व्हरांड्यात कठड्याला टेकून उभा होता. त्याने आत जायची खूण केली.

टेबलावर माझा प्रबंध पाचव्या प्रकरणाशी उघडा होता. तांबडी रेघ मारलेल्या ओळीखाली सरांनी 'हे ठेव' असं लिहिलं होतं आणि पहिल्या पानावर सही केली होती. सर सूक्ष्मदर्शकावर वाकलेले होते, दोन्ही हातांनी स्क्रू धरून.

"सर, चहा."

"ठेव," ते मान वर न करता म्हणाले. "या खालच्या कडेला आणखी एक दिसतोय मला तांबडा. अगदी बारीक आहे. हा हलला नसेल कदाचित."

मी त्यांच्या कोपराशी ग्लास ठेवला. त्यावर साय धरली, ती सुरकुतली, तरी ते मोजतच होते.